घरात गुपचूप शिरून माइक बसवायचा अधिकार पोलिसांना आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ ठाणे जिल्ह्यातल्या एका सोसायटीत भाड्याने राहतात. दिवाळीत चार दिवस सगळे गावी गेले होते. परत आल्यावर वॉचमन म्हणाला, "साध्या वेशातले दोन पोलीस आले होते. सेक्रेटरीसाहेबांनी किल्ली दिली. अर्धा तास आत होते." घरातलं काही गेलेलं नाही. बेडरूममधल्या स्विचबोर्डचा एक स्क्रू मात्र नवा कोरा दिसतो. त्यांच्या मेहुण्यावर एका मोठ्या गुन्ह्यात तपास चालू आहे. पोलिसांना असं घरात शिरून ऐकायचं यंत्र बसवता येतं का, येत असेल तर कोणत्या कायद्याने, आणि आता करायचं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

मी सव्वीस वर्षं फौजदारी वकिली करतो. त्यातली बरीच मकोकाच्या, म्हणजे राज्याच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, खटल्यांत गेली. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. घरमालकाच्या किंवा भाडेकरूच्या नकळत आत शिरून यंत्र लावण्याची मुभा देणारं कलम आपल्या सर्वसाधारण फौजदारी कायद्यात नाही. फोन ऐकण्याचा कायदा आहे, झडतीचाही आहे. पण फोन ऐकण्याचा हुकूम म्हणजे घरात शिरण्याचा हुकूम नव्हे, आणि झडतीचं वॉरंट म्हणजे गुपचूप जाण्याचा परवाना नव्हे. एकच कायदा या दोन्हींच्या मधल्या जागेच्या काठापर्यंत येतो, आणि तो आपल्याच राज्याचा आहे. त्याच्याकडे येतोच, पण झडतीपासून सुरुवात केल्याशिवाय ते नीट कळणार नाही.

आपला झडतीचा कायदा उजेडात चालणारा आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम १०३ मध्ये होता, १९७३ च्या संहितेत कलम १०० झाला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पुन्हा कलम १०३ वर येऊन बसला. आकडे बदलले, गाभा तोच राहिला. अधिकाऱ्याने वॉरंट दाखवायचं. त्याच वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे. त्यांच्यासमोर झडती घ्यायची, जप्त वस्तूंची यादी करायची, त्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या. घरात राहणाऱ्याला किंवा त्याच्या वतीने कुणाला तरी झडतीच्या वेळी हजर राहू द्यायचं आणि यादीची प्रत द्यायची. वॉरंट आणायला वेळ नसेल तर कलम १८५ खाली तपास अधिकारी वॉरंटशिवायही जाऊ शकतो, पण का जातोय आणि कोणती वस्तू शोधायला जातोय हे आधी लिहून ठेवावं लागतं, आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पोचवावी लागते. कलम १०५ ने आता झडतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरणही सक्तीचं केलं आहे.

हे सगळं वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. झडती ही घरातून वस्तू बाहेर काढण्यासाठी असते, घरात वस्तू ठेवून येण्यासाठी नसते. पंच, यादी, प्रत, हजेरी या सगळ्याचा हेतू एकच: पोलीस आत काय करतात ते कुणीतरी पाहावं. गुपचूप जाऊन माइक लावायचा तर यातली एकही अट पाळता येत नाही. पंचांना बोलावलं की बातमी वस्तीभर होणार, यादीची प्रत दिली की यंत्राचा उपयोगच संपला. म्हणून "आमच्याकडे झडतीचं वॉरंट होतं" असं उत्तर कुणी दिलं, तरी ते तुमच्या प्रसंगाला लागू पडत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात, म्हणजे एनडीपीएसच्या कलम ४२ मध्ये, दार फोडून आत जाण्याचेही अधिकार आहेत. तेही उघडपणे, माल शोधायला जाण्याचे आहेत.

इथे माझा एक अनुभव सांगतो, कारण तुमच्या वॉचमनच्या बोलण्याशी तो जुळतो. एका खटल्यात बंद घराची झडती झाली होती. पंचनाम्यात "कुलूप तोडून प्रवेश केला" असं स्वच्छ लिहिलेलं. पंच एक साधा भाजीवाला होता. उलटतपासणीत मी त्याला फक्त एवढंच विचारलं, तुम्ही पोचलात तेव्हा कुलूप कुणी तोडलं? तो म्हणाला, "साहेब, दार उघडंच होतं. कुलूप टेबलावर ठेवलेलं होतं." कोर्टात क्षणभर कुणी बोललं नाही. पंच येण्याआधी कुणीतरी आत जाऊन आलं होतं. ते का गेलं, काय करून आलं, याची नोंद केस डायरीत नव्हती आणि स्टेशन डायरीतही नव्हती. त्या दिवसापासून मी प्रत्येक झडतीच्या चित्रीकरणात पहिली पंधरा सेकंदं पाहतो. व्हिडिओ कुलूप लागलेल्या दारापासून सुरू होतो की आतल्या खोलीपासून? आतल्या खोलीपासून सुरू होत असेल तर दार केव्हा उघडलं, हा प्रश्न न्यायालयात विचारलाच पाहिजे. गुपचूप प्रवेश बहुतेक वेळा असाच होतो: उघड झडतीच्या तासभर आधी, कुठल्याही कागदाशिवाय.

आता फोन ऐकण्याच्या कायद्याकडे. हा गोंधळ मी वकिलांमध्येही पाहिला आहे, म्हणून थोडा थांबतो. १८ डिसेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खडकसिंग प्रकरणात उत्तर प्रदेश पोलिसांच्या नियमावलीतलं रात्री-अपरात्री घरी जाऊन पाहण्याचं कलम रद्द केलं. दार ठोठावून, माणसाला उठवून, तो घरात आहे ना हे पाहायला पोलीस जात. त्याला कायद्याचा आधार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. बरोबर ३४ वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेत त्याच न्यायालयाने फोन टॅपिंगसाठी नियम घालून दिले: हुकूम गृहसचिवांचाच हवा, मुदत ठरलेली हवी, आढावा समिती हवी. ते पुढे टेलिग्राफ नियमांमध्ये आले. आता १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी दूरसंचार अधिनियम २०२३ आहे, त्यातलं कलम २०(२) आणि डिसेंबर २०२४ चे नियम लागू आहेत. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीतरी असल्याशिवाय हा हुकूम काढता येत नाही.

या कायद्याची व्याप्ती मात्र तारेतून किंवा लहरींतून जाणाऱ्या संदेशापुरती आहे. हुकूम जातो तो दूरसंचार कंपनीकडे, आणि ऐकलं जातं ते कंपनीच्या यंत्रणेतून. तुम्ही आणि तुमची बायको स्वयंपाकघरात काय बोलता ते ऐकण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, कारण ते बोलणं कुठल्याही नेटवर्कवरून जात नाही. गृहसचिवांच्या सहीचा फोन टॅपिंगचा हुकूम दाखवून कुणी घरात शिरत असेल तर तो कागद त्या दारापाशीच निरुपयोगी होतो.

आता मकोका, महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम १९९९. यातलं कलम १४ मी विद्यार्थ्यांना नेहमी शब्दन् शब्द वाचायला लावतो. त्यात तीन प्रकारचं संभाषण ऐकण्याची तरतूद आहे: तारेवरचं, इलेक्ट्रॉनिक आणि तोंडी. तोंडी संभाषणाची व्याख्या साधारण अशी, की आपलं बोलणं कुणी चोरून ऐकत नाही अशी अपेक्षा ठेवून आणि तशी अपेक्षा ठेवण्याजोग्या परिस्थितीत माणूस जे बोलतो ते. म्हणजे घरातलं, बंद खोलीतलं, गाडीतलं बोलणं. आणि ऐकणं म्हणजे इलेक्ट्रॉनिक, यांत्रिक किंवा इतर साधनाने त्यातला मजकूर मिळवणं. हे साधन कुठेतरी बसवल्याशिवाय खोलीतलं बोलणं ऐकू येणार नाही, हे उघड आहे.

हुकूम मिळवण्याची वाट अशी. तपासावर देखरेख करणारा, पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी लेखी अर्ज करतो. अर्ज जातो सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे गृह विभागातल्या सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. अर्जात गुन्ह्याचा तपशील हवा, ज्या ठिकाणचं बोलणं ऐकायचं त्या जागेचं नेमकं वर्णन हवं, कुणाचं बोलणं ते माहीत असेल तर तेही हवं. तपासाचे नेहमीचे मार्ग वापरून पाहिले आणि फसले, किंवा ते फसतील वा धोक्याचे ठरतील असं का वाटतं, हेही लिहावं लागतं. हुकूम जास्तीत जास्त ६० दिवसांचा. मुदतवाढ मागता येते, पण नव्याने कारणं देऊन. अगदीच तातडी असेल तर अपर पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी स्वतः लेखी परवानगी देऊ शकतो, मात्र ४८ तासांत रीतसर अर्ज झालाच पाहिजे. प्रत्येक हुकूम मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या आढावा समितीसमोर जातो. आणि विनापरवाना ऐकणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला कलम १६ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. त्या कलमाची आठवण फार कमी वकील ठेवतात.

तुमच्या प्रश्नातली किल्ली इथेच येते. याच कलम १४ मध्ये असं म्हटलं आहे, की अर्जदाराने मागणी केल्यास दूरसंचार सेवा देणाऱ्याला, घरमालकाला, जागेचा ताबा सांभाळणाऱ्याला किंवा इतर व्यक्तीला आवश्यक ती माहिती, सोय आणि तांत्रिक मदत देण्याचा आदेश हुकुमातच देता येतो, आणि ती मदत कुणाच्या नजरेत न येता, कमीत कमी व्यत्यय आणून व्हावी. घरमालक हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलो होतो. फोन कंपनीला आदेश देणं समजू शकतो. घरमालकाला आदेश कशासाठी, तर किल्लीसाठी, असा अर्थ सरकारी वकील लावणार. तुमच्या सेक्रेटरींनाही "इतर व्यक्ती" म्हणून त्यात बसवायचा प्रयत्न होईल. पण त्यासाठी आधी लेखी हुकूम असला पाहिजे, त्यात हा आदेश असला पाहिजे, आणि तो सेक्रेटरींना दाखवलेला असला पाहिजे. "आम्ही पोलीस आहोत, किल्ली द्या" एवढ्यावर सोसायटीने दुसऱ्याच्या घराची किल्ली देण्याला कशाचाही आधार नाही. घर तुमच्या ताब्यात आहे. गळती-दुरुस्तीसाठी सोसायटीला आत यायचं तरी आधी कळवावं लागतं.

हे कलम आलं कुठून, ते कळलं की त्यातली फट दिसते. त्याची वाक्यरचना अमेरिकेच्या १९६८ च्या टॅपिंग कायद्याशी फार मिळतीजुळती आहे. तिथे याआधी काय काय झालं होतं! डिसेंबर १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या पोलिसांनी घोड्यांच्या शर्यतीवर जुगार घेणाऱ्या एका माणसाच्या घराची किल्ली किल्लीवाल्याकडून बनवून घेतली. घरात कुणी नसताना आत जाऊन हॉलमध्ये माइक लावला, छपराला भोक पाडून तार शेजारच्या गॅरेजपर्यंत नेली. बोलणं नीट ऐकू येईना म्हणून पुन्हा शिरून माइक झोपायच्या खोलीत नेला, मग तिसऱ्यांदा शिरून कपाटात. १९५४ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने या वागण्याचा कडक शब्दांत धिक्कार केला आणि शिक्षा मात्र कायम ठेवली. १९६८ च्या कायद्याने न्यायाधीशाचा हुकूम सक्तीचा केला, पण आत कसं शिरायचं यावर तो गप्प राहिला. १९७९ च्या डालिया प्रकरणात मग न्यायालयाने म्हटलं, की ऐकण्याच्या हुकुमात आत शिरण्याची परवानगी गृहीतच आहे.

आपला सरकारी पक्ष उद्या डालियाचा दाखला देईल. मला तो इथे मुळीच पटत नाही, आणि त्याचं कारण नीट सांगतो. अमेरिकेतला हुकूम न्यायाधीश देतो. मकोकातला हुकूम गृह विभागाचा अधिकारी देतो, म्हणजे ज्या खात्याच्या पोलिसांना शिरायचं आहे त्याच खात्याचा माणूस. आढावा समितीतही सगळे सरकारी अधिकारीच. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणात शिरायचं तर आधी कायदा हवा, मग रास्त हेतू हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. घराच्या उंबरठ्याच्या आत, रात्रीच्या बोलण्यापर्यंत शिरण्याचा अधिकार "गृहीत" धरायचा, तोही पोलिसांच्याच खात्याच्या हुकुमातून, याला मी कायदा म्हणणार नाही. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मकोकाची कलमं १३ ते १६ रद्द केली होती. १ सप्टेंबर २००८ रोजी भारत शांतिलाल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती परत जिवंत केली. पण तिथला मुख्य वाद राज्याला असा कायदा करण्याचा अधिकार आहे का, आणि ऐकण्याची ही पद्धत घटनेत बसते का, एवढाच होता. शिवाय तो निकाल पुट्टस्वामीच्या आधीचा आहे.

ब्रिटनमध्ये हेच एकदा उघडं पडलं, आणि त्यांनी ते दुरुस्त केलं. १९९३ मध्ये शेफील्डमध्ये पोलिसांनी एका घराच्या बाहेरच्या भिंतीला माइक लावला. त्यातून हेरॉइनच्या धंद्यातल्या एकाची कबुली मिळाली. तेव्हा तिथे याबद्दल कायदाच नव्हता, फक्त गृहखात्याचं एक परिपत्रक होतं. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, पुरावा मान्य केला. पण २००० साली स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने सांगितलं, की परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झालाच. निकाल लागेपर्यंत ब्रिटिश संसदेने १९९७ चा पोलीस कायदा केलेला होता. त्यात मालमत्तेत शिरण्याचा अधिकार उघड शब्दांत दिला आणि राहतं घर, हॉटेलची झोपायची खोली किंवा कार्यालय असेल तर स्वतंत्र आयुक्तांची पूर्वमंजुरी सक्तीची केली. हे आयुक्त उच्च न्यायालयीन पदं भूषवलेले लोक. माझं म्हणणं एवढंच आहे, की पोलिसांना हा अधिकार खरोखरच लागत असेल तर विधिमंडळाने तो उघडपणे द्यावा आणि त्यावर न्यायाधीशाची सही लागू करावी. खंडणी आणि अपहरणाच्या टोळ्या फोनवर बोलायच्या थांबल्या आहेत हे मलाही माहीत आहे. चांगल्या तपास अधिकाऱ्यांशी मी यावर तासन् तास बोललो आहे, त्यांनाही स्वच्छ कायदाच हवा आहे.

एका गोष्टीने अनेकांची फसगत होते, ती म्हणजे संमती. युसुफअली नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९६७ चा निकाल पोलिसांच्या बाजूने वारंवार वाचला जातो. मुंबई महापालिकेच्या एका कारकुनाला लाच द्यायला आरोपी त्याच्या घरी आला. बाहेरच्या खोलीत माइक नजरेआड ठेवलेला होता, टेपरेकॉर्डर आतल्या खोलीत होता आणि पोलीसही तिथेच दबा धरून होते. सर्वोच्च न्यायालयाने टेप मान्य केली. पण तिथे घर कारकुनाचं होतं आणि सापळा लावायला त्यानेच बोलावलं होतं. स्वतःच्या घरात यजमान पोलिसांना बसवतो आणि पाहुण्याचं बोलणं टेप होतं, हे वेगळं. तुमच्या घरात तुमच्या नकळत यंत्र लावणं, हे वेगळं. तुमचा घरमालक तुमच्या वतीने संमती देऊ शकत नाही, कारण जागा तुम्हाला दिल्यावर तिथे राहण्याचा हक्क तुमचा आहे. घरातल्याच दुसऱ्या सज्ञान माणसाने पोलिसांना आत घेतलं असेल तर मात्र वाद अवघड होतो, म्हणून ते आधी घरात शांतपणे विचारून घ्या.

आता कटू भाग. समजा यंत्र बेकायदा लावलं, तर रेकॉर्डिंग कोर्टातून आपोआप बाद होतं का? नाही. मुंबईच्या कोरोनरवरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरच्या) लाचेच्या प्रकरणात, म्हणजे १९७३ मध्ये छापल्या गेलेल्या मलकानी निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुरावा संबंधित असेल तर तो कसा मिळवला यावरून तो बाद होत नाही. १९७४ चा पूरनमल निकाल बेकायदा झडतीबद्दल तेच सांगतो. मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. आक्षेप योग्य वेळी, योग्य ठिकाणी घेतला पाहिजे, म्हणून सांगतो. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात लाचेच्या गुन्ह्यातले टॅपिंगचे तीन हुकूम रद्द केले, कारण सार्वजनिक सुरक्षिततेचा तिथे काहीच संबंध नव्हता, आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. तो आरोपी खटला संपायची वाट पाहत बसला नाही, आधीच रिट याचिका घेऊन गेला. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने याच वाटेने एक हुकूम रद्द केला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच सुमारास भ्रष्टाचाराच्या प्रकरणात उलटा कल दाखवला. म्हणजे मुंबईतला निकाल आपल्या हाताशी आहे, पण तो अंतिम शब्द नाही.

मकोकात मात्र एक पक्की ढाल आहे. चोरून ऐकलेलं संभाषण पुराव्यात घ्यायचं तर हुकुमाची आणि अर्जाची प्रत आरोपीला द्यावीच लागते, तीही एरवी खटल्याच्या किमान दहा दिवस आधी (ही मुदत न्यायाधीश अपवाद म्हणून शिथिल करू शकतात). तो अर्ज हातात आला की त्यातलं जागेचं वर्णन वाचा. अर्जात मोबाइल क्रमांक असेल आणि रेकॉर्डिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही आणि तिसऱ्या माणसाचं बोलणं असेल, तर ते कुठून आलं हा प्रश्न उलटतपासणीत विचारायचाच. शिवाय रेकॉर्डिंग इलेक्ट्रॉनिक असल्याने भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याच्या जुन्या रूपाला, कलम ६५ब ला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीतून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सक्तीचं ठरवलं. आणखी एक बारीक मुद्दा: भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये आता संघटित गुन्हेगारी आली आहे. तुमच्या मेहुण्यावर फक्त तेच कलम असेल तर मकोकाचं कलम १४ पोलिसांना वापरता येणार नाही. मकोका लावायला उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. एफआयआरमध्ये ते कलम आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मं उत्तर मिळेल.

आता तुमच्यापुरतं. ते दोघे खरंच पोलीस होते, हे अजून सिद्ध झालेलं नाही. साध्या वेशात येऊन पोलीस असल्याचं सांगणारे खासगी गुप्तहेर मी पाहिले आहेत. त्यामुळे स्विचबोर्ड स्वतः उघडू नका. मेन स्विच बंद करा आणि दोन शेजाऱ्यांना बोलवा. मग बोर्डाचा, त्या स्क्रूचा आणि आजूबाजूच्या भिंतीचा सलग व्हिडिओ घ्या, तारीख-वेळ बोलून. त्यांच्यासमोरच वायरमनकडून बोर्ड उघडवा. काही सापडलं तर त्याला हात न लावता पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, मुद्देमाल त्यांच्याच हातून पंचनाम्यावर जप्त होऊ द्या. तक्रार घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली अधीक्षकांना किंवा आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना कळवा, आणि मग कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे जा. पोलीसच होते असं दिसलं, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाणं मला जास्त योग्य वाटतं, कारण तिथे हुकूम होता की नव्हता हे शासनाला शपथपत्रावर सांगावं लागतं. काहीच सापडलं नाही तरी कुणी परस्पर तुमच्या घरात शिरलं, हा मुद्दा उरतोच.

आणि हे सगळं करण्याआधी, आज संध्याकाळीच, सोसायटीला एक पत्र द्या. त्यात लिहा: अमुक तारखेचं गेटचं, जिन्याचं आणि लिफ्टचं सीसीटीव्ही चित्रीकरण आणि अभ्यागत नोंदवहीचं ते पान जपून ठेवावं, आणि माझ्या सदनिकेची किल्ली कुणाला, कुणाच्या सांगण्यावरून, कोणता कागद पाहून दिली ते लेखी कळवावं. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. नोंदवहीच्या पानाचा फोटो वॉचमनसमोरच काढा. सोसायट्यांचे डीव्हीआर थोड्याच दिवसांत जुन्यावर नवं चित्रीकरण करतात, आणि दिवाळी होऊन गेली आहे.